गिरार आडनावाचे सगळे

"फक्त आई-बाप वाच," मार्था म्हणाली. "वेगळे आहेत एवढं म्हणायचं आणि पुस्तक मिटायचं."

फादर लोबोंच्या बंगल्याच्या मागच्या खोलीत मी बाप्तिस्म्याचं जुनं पुस्तक उघडून बसलो होतो. मे महिन्यातला शनिवार होता, बाहेर ऊन मी म्हणत होतं. माझी धाकटी बहीण माझा डबा घेऊन आली होती, पण डब्याचं तिला काही पडलेलं नव्हतं. टेबलापलीकडे उभी राहून ती त्या पिवळ्या पानांकडे टक लावून बघत होती. सगळं फ्रेंचमध्ये लिहिलेलं. तिला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, तरी बघत होती.

"पण नक्की वेगळे आहेत ना?"

"आहेत गं बाई. किती वेळा सांगू? आपले आजोबा इस्तेफान, सोळा नंबर. इग्नासचे आजोबा आंतोनी, सतरा नंबर. गावं वेगळी, आया वेगळ्या. दोघांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही."

मार्था मटकन खाली स्टुलावर बसली. मग हसायलाच लागली, तोंडावर पदर धरून. बावीस वर्षांची होती. मिशनच्या बालवाडीत शिकवायची आणि एरवी फार गंभीर चेहऱ्यानं वावरायची. तिला असं हसताना मी लहानपणानंतर पाहिलं नव्हतं.

"आणखी काय काय लिहिलंय?" तिनं विचारलं.

"वय. गाव. कुठं सापडला ते. आणि जात."

तिचं हसू थांबलं. "जात कशाला लिहिली?"

"रकानाच आहे तसा. बिशपांकडून छापून आलेलं पुस्तक आहे."

आता ती विचारणार, आपली कोणती, असं मला वाटलं. उत्तर मी जिभेवर तयार ठेवलं होतं. खरं सांगायचं तर सकाळपासून ते उत्तर माझ्या तोंडात नुसतं घोळत होतं. पण तिनं विचारलं नाही.

"दादा, ते वाचू नकोस," ती म्हणाली. "मलाही सांगू नकोस. आईशपथ, मला ऐकायचंच नाही. उद्या फक्त आई-बाप."

"बरं."

"बरं नको. माझी शपथ घे."

"घेतली," मी म्हणालो आणि डबा उघडला.

आमचं गाव ठाऊक नसेल तर हा सगळा पोरखेळ वाटेल, म्हणून सांगतो. एकोणीसशे सालच्या मोठ्या दुष्काळात फादर गिरार नावाचा एक फ्रेंच पाद्री या भागात बैलगाडी घेऊन फिरत होता. रस्त्याकडेला मेलेल्या माणसांशेजारी जी पोरं जिवंत बसलेली दिसत, ती उचलायची आणि गाडीत घालायची, एवढंच त्यानं तीन महिने केलं. त्रेचाळीस पोरं जमली. बाप्तिस्म्याच्या दिवशी आडनावाच्या रकान्यात काय लिहायचं असा प्रश्न पडला, तेव्हा त्या माणसानं आपलंच आडनाव लिहिलं. त्रेचाळीस वेळा. तेव्हापासून आम्ही सगळे गिरार. गावाचं नाव गिरारवाडी. त्यानं खोदलेली ती गिरार विहीर आणि ओढ्यावर घातलेला तो गिरार बांध. फ्रान्समधून त्यानं अंजिराची काडी आणून लावली होती, त्या वाणाला तालुक्याच्या बाजारात आजही गिरार अंजीर म्हणतात. चर्चच्या घंटेवर गिरार कोरलेलं आहे. मिशनच्या वळूलासुद्धा गुराखी गिरारच म्हणत, आणि त्याच्या कृपेनं पंचक्रोशीत जेवढे गिरार जन्मले तेवढे आमच्यात जन्मले नसतील.

या नावाबरोबर एक रिवाज आला. तुम्ही सगळी एका बापाची लेकरं, असं फादर गिरारनं पोरांना शिकवलं होतं, आणि पोरांनी ते अक्षरशः घेतलं. गिरारनं गिरारशी लग्न करायचं नाही. सुना दुसऱ्या मिशनांतून आणायच्या, लेकी तिकडं द्यायच्या. त्यामुळं आमच्या गावात सगळे पुरुष काका आणि सगळ्या लेकी आत्या. मामा बघायचा तर एसटीनं जावं लागे. कोण कुठल्या जातीतून आला हे कुणी विचारत नसे, कारण कुणाला ठाऊकच नव्हतं. आजूबाजूची गावं आम्हाला सरसकट मिशनवाले म्हणून दूर ठेवत आणि आम्ही आपसांत एका ताटात जेवत असू. आमच्यासारखं गाव शोधून सापडायचं नाही. हे मला आता कळतं.

आणि मार्थाचा जीव जडला तो इग्नास गिरारवर. हा ऑइल इंजिनं दुरुस्त करायचा. तालुक्यातल्या निम्म्या विहिरींवरची इंजिनं त्याच्या हाताखालून गेलेली. नखांत कायम काळं तेल, बोलणं थोडं, आणि कुणाच्याही घरात शिरला की आधी चुलीपुढं बसून चहा मागणार. आमच्या घरी तर तो रोजचाच. माझे वडील, अप्पा, म्हणजे चर्चचे धर्मशिक्षक लुईस मास्तर, यांचा तो लाडका. मार्थानं जेव्हा धीर करून विषय काढला तेव्हा अप्पा चिडले नाहीत, उलट कळवळले.

"पोरगा सोन्यासारखा आहे गं," ते म्हणाले. "पण भाऊ आहे तुझा. मी कसा हो म्हणू?"

फादर लोबो गोव्याचे, त्यांना या भावाबहिणीच्या प्रकरणाचं हसू येई. चर्चच्या कायद्यात आडनावाला काही अर्थ नाही, असं त्यांनी अप्पांना समजावलं. शेवटी तोडगा निघाला. जुनं पुस्तक बघायचं, रविवारची मिसा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, संपल्यावर सगळ्यांसमोर वाचायचं. दोघांचे आजोबा सख्खे भाऊ नाहीत असं निघालं तर अप्पांची ना नाही, गावाचीही ना नाही. इग्नासची आई रूथकाकू त्या आठवड्यात बाजारातून साडीसुद्धा घेऊन आली.

वाचणार कोण? मी. गावात फ्रेंच येणारा मी एकटाच. तीन वर्षं मी पाद्री व्हायला सेमिनरीत होतो, तिथं एका म्हाताऱ्या फ्रेंच पाद्र्यानं मला हौसेनं शिकवलं. मग मला ते आयुष्य झेपेना आणि मी ट्रंक घेऊन परत आलो. तेव्हापासून गावात माझं नाव अर्धा फादर. पारावर बसलो की कुणीतरी म्हणायचंच, अर्धा फादर आला, अर्धा आशीर्वाद घ्या. मी हसण्यावारी नेत असे, पण आतून जळत असे. चोवीस वर्षांचा होतो, नोकरी नव्हती, आणि या पुस्तकामुळं पहिल्यांदाच साऱ्या गावाला माझी गरज लागली होती.

रविवारी चर्च गच्च भरलं. मिसा संपली तरी कुणी हललं नाही. फादर लोबोंनी मला वेदीजवळच्या स्टँडपाशी उभं केलं आणि म्हणाले, "सायमन, सावकाश वाच." इग्नास मागं दाराच्या चौकटीला टेकून उभा होता, धुतलेला पांढरा शर्ट घालून. रूथकाकूच्या मांडीवर रुमालानं झाकलेलं ताट होतं. त्यात बत्तासे असणार हे सगळ्यांना कळत होतं. मार्था बायकांच्या बाजूला तिसऱ्या बाकावर बसली होती, हात घट्ट धरून.

मी आधी आंतोनीची नोंद काढली.

"नंबर सतरा. आंतोनी. वय अंदाजे पाच. गाव नदीपलीकडचं, नाव नीट लागत नाही. बापाचं नाव ठाऊक नाही. आई रस्त्यात वारली."

इथं मी थांबलो. मग वरची ओळ.

"नंबर सोळा. इस्तेफान. वय अंदाजे सहा. गाव पिंपळगाव. बाप रखमाजी. आई पार्वती, दोघंही पटकीनं वारले."

"म्हणजे दोघं सख्खे नाहीत," फादर लोबो म्हणाले.

"नाहीत," मी म्हणालो.

चर्चमध्ये एक सुस्कारा उठला. रूथकाकूनं ताटावरचा रुमाल बाजूला करायला हात घातला. मार्थानं डोळे मिटून घेतले. तेव्हा मी पुस्तक मिटायला हवं होतं. अर्धं मिटलंही होतं.

"एवढंच?" मागून बर्नाबासकाका ओरडला. हा गावाचा विनोदवीर. "इतकं मोठं पुस्तक आन् दोन वळी? का रं, अर्धा फादर अर्धंच वाचायला लागला का काय!"

सगळं चर्च हसलं. अप्पासुद्धा हसले. इतका वेळ श्वास धरून बसलेली माणसं मोकळी झाली होती, त्यांना हसायला काहीतरी हवंच होतं, त्यात वाईट असं काही नव्हतं. पण माझ्या कानांच्या पाळ्या तापल्या. मी पुस्तक पुन्हा उघडलं.

"आहे ना पुढं," मी म्हणालो. "इस्तेफान. जात कुणबी. पिंपळगावच्या पाटलाचा मुलगा."

हसणं तिथल्या तिथं विरलं. मी आधी फ्रेंच वाचलं, मग मराठी करून सांगितलं, मग तेच सावकाश पुन्हा एकदा सांगितलं. तोंडात गोड लागत होतं ते. मार्थानं डोळे उघडले आणि माझ्याकडं पाहून मान हलवली, नको, नको. मला दिसली ती. दिसली नाही असं म्हणायची माझी सोय नाही.

अप्पा पहिल्या बाकावर होते. जन्मभर खांदे पाडून चालणारा माणूस, पण मी बघता बघता ते ताठ बसले. मग मृदू आवाजात, धर्मशिक्षणाच्या तासाला प्रश्न विचारावा तसं त्यांनी विचारलं,

"आणि सतरा नंबर, सायमन?"

अजूनही मला म्हणता आलं असतं की शाई पुसली आहे. कोण येऊन तपासणार होतं?

"मांग," मी वाचलं.

मग बर्नाबासकाका उठून पुढं आला. आता त्याच्या चेहऱ्यावर विनोद नव्हता. "माझ्या आज्याचं बघ," तो म्हणाला. "फेलिक्स. फेलिक्स गिरार." मी बघितलं. मग दुसरा आला, मग तिसरा. फादर लोबो दोनदा म्हणाले की पुरे, पण त्यांचं कोण ऐकतो? दुपार कलेपर्यंत मी त्रेचाळीसच्या त्रेचाळीस नोंदी वाचल्या. जेवायला कुणी गेलं नाही. कुणबी निघाला की तो माणूस छाती काढून बसायचा, दुसरं काही निघालं की मान खाली घालायचा, आणि कुणी न सांगता बाकांवरची माणसं सरकत होती. मी शेवटची नोंद वाचली तेव्हा डावीकडं सगळे कुणबी झाले होते आणि उजवीकडं बाकीचे. रूथकाकूनं ताट पदराखाली घेतलं आणि ती बाजूच्या दारानं निघून गेली. इग्नास तर केव्हाच गेला होता.

पण त्या दिवशी मला कुणी अर्धा फादर म्हटलं नाही. सायमन, जरा नीट बघ बाबा, म्हणत होते. सायमनराव, म्हणत होते. मी घरी गेलो तो हवेत तरंगत.

घरात मार्थानं जेवण वाढलं. तिनं रडारड केली नाही. अप्पांच्या ताटात भाकरी ठेवताना म्हणाली, "मग अप्पा, कधी ठरवायचं? सख्खे नाहीत हे तर निघालं."

अप्पांनी घास हातातच ठेवला. "मार्था, आता तो विषय नको."

"का? भाऊ नाही म्हणून सिद्ध झालं ना?"

"तेच तर. भाऊ असता तर गोष्ट वेगळी होती."

"तो भाऊ होता तोवर या चुलीपुढं बसून चहा पीत होता. आता भाऊ नाही म्हणून दारात उभा करायचा?"

"भावाला मुलगी देता येत नव्हती, पोरी," अप्पा म्हणाले. "याला द्यायची नाही. फरक आहे त्यात."

मी खाली मान घालून जेवत होतो. मार्थानं माझ्याकडं पाहिलं. शिव्या देईल, भांडेल म्हणून मी वाट बघत होतो, म्हणजे मलाही काहीतरी बोलता आलं असतं. ती फक्त म्हणाली, "आमटी घालू का?"

तिसऱ्या दिवशी इग्नास गाव सोडून निघाला. चिंचवडला कुठल्याशा कारखान्यात ओळख होती त्याची. बातमी कळताच मार्था बालवाडी सोडून तशीच फाट्याकडं धावली आणि तिच्यामागं मी. ती त्याच्याबरोबर जाईल या भीतीनं अप्पांनीच मला पाठवलं होतं, हेही सांगून टाकतो. फाट्यावर एसटीच्या शेडमध्ये इग्नास हत्यारांच्या पेटीवर बसला होता.

"मला घेऊन चल," मार्था म्हणाली. मी आठ-दहा पावलांवर उभा होतो, मला बघूनही तिनं आवाज खाली केला नाही.

"कशी नेऊ?" इग्नास म्हणाला. "शनवारपर्यंत मी गिरार होतो, मार्था. आता तुला नेली तर गिरारनं नेली आसं कुनी म्हननार न्हाई."

"मी म्हणेन."

"तू एकटीच म्हनशील."

"मग एकटी पुरे नाही का?"

तो नखांतलं काळं तेल कोरायला लागला. "मला पुरली आसती," तो म्हणाला. "पन माझी आई हितंच ऱ्हाती. तिला पानी त्याच हिरीवरनं भरायचंय. काल तिला म्हनाले, जरा थांब, आमची भरू दे आधी. सत्तर वर्सांत कुनी थांब म्हनलं नव्हतं त्या हिरीवर आमच्या घराला."

एसटी आली. त्यानं पेटी वर चढवली. माझ्याजवळून जाताना थांबला आणि म्हणाला, "सायमन, वाचायला झ्याक येतं रं तुला." त्यात कडवटपणाही नव्हता, नुसतं थकलेलं बोलणं होतं. मी आजपर्यंत कुणाच्या हातची थप्पड खाल्लेली नाही, पण ती कशी लागते ते मला माहीत आहे.

पुढं काय झालं ते थोडक्यात सांगतो, कारण त्यात माझा फायदाच झाला. अप्पांनी वर्षाच्या आत गॅझेटमध्ये नाव बदललं. आम्ही पाटील झालो. आमच्यामागून आणखी अकरा घरं पाटील झाली. विहिरीवर दोन वेळा पडल्या, सकाळची आणि दुपारची. लग्नाच्या पंगती दोन झाल्या. मी शिकलेला माणूस, वर पाटील, तेव्हा मिशनच्या शाळेत लागलो आणि यथावकाश हेडमास्तर झालो. चांगल्या घरची बायको मिळाली. अप्पा पाटील म्हणूनच वारले, त्यांच्या क्रुसावर तेच कोरलं आहे. इग्नास पुन्हा आला नाही. त्यानं तिकडंच लग्न केलं असं ऐकलं, आणि पुढं कारखान्यातल्या प्रेस मशीनखाली हात गेल्याचंही ऐकलं.

मार्थानं नाव बदललं नाही. सही करताना मार्था लुईस गिरार अशीच करायची. लग्न तिनं केलं नाही. नर्सिंग शिकून मिशनच्या दवाखान्यात लागली आणि दोन्ही बाजूंची बाळंतपणं करू लागली. माझ्या मुलांवर जीव होता तिचा. नाताळला न चुकता घरी यायची, करंज्या तळायला बसायची. माझ्याशी बोलायचीही, पण कामापुरतं. त्या रविवारचा शब्द तिनं सव्वीस वर्षांत एकदाही काढला नाही. भांडली असती तर मी सुटलो असतो.

दोन हजार साली गावाला शंभर वर्षं झाली. नव्या फादरांनी शताब्दीचं पुस्तक छापायचं ठरवलं आणि बाप्तिस्म्याच्या जुन्या पुस्तकाचं पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत मराठी करून द्या, असं मला सांगितलं. पाटील गुरुजींशिवाय दुसरं कोण करणार? मी रोज दोन-चार नोंदी करत गेलो. त्रेचाळीस नोंदींनंतर बरीच कोरी पानं होती, आणि अगदी शेवटच्या पानावर, पुठ्ठ्याला चिकटायच्या बेतात, फादर गिरारच्या बारीक अक्षरात एक टिपण होतं. ते मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

त्याचं मराठी मी केलं ते असं: "जातीचा रकाना मी आज्ञा आहे म्हणून भरला. त्यावर कुणी विश्वास ठेवू नये. आपलं धान्य येईपर्यंत मुलांना सरकारी अन्नछत्रात न्यावं लागे, आणि तिथला वाढपी आधी जात विचारून रांग लावी. कुणब्यांची मुलं पुढं. मुलं शहाणी आहेत. सोळा नंबरच्या मुलानं पहिल्या दिवशी मला सांगितलं होतं की बाप जोडे शिवायचा. दुसऱ्या दिवशी अन्नछत्राच्या दारात तो बाप पाटील झाला. सतरा नंबरचा मुलगा तापानं फणफणला होता, त्याला बोलता येत नव्हतं, त्याची जात सोळा नंबरनंच सांगितली. असं का सांगितलंस म्हणून विचारलं, तर म्हणाला, आपल्या मागं कुणीतरी उभं राहायला नको का?"

मी ते कागद घेऊन तसाच दवाखान्यात गेलो. मार्था पट्ट्या गुंडाळत होती. मी वाचून दाखवलं. ती ऐकत राहिली, हात चालूच होते. संपल्यावर म्हणाली,

"एवढंसं पोर. भूक लागली असेल रे त्याला."

आपल्या आज्याबद्दल म्हणत होती. मला तेवढंही सुचलं नव्हतं. "मार्था, मी काय करू आता?"

"त्या दिवशी सगळ्यांसमोर वाचलंस ना? हेही वाच."

मी वाचलं. रविवारी, मिसा संपल्यावर, त्याच स्टँडपाशी उभा राहून. आता बर्नाबासकाका नव्हता, त्याचा मुलगा होता, व्हिन्सेंट पाटील, ग्रामपंचायतीचा सदस्य. त्यानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि उभा राहिला.

"गुरुजी, राग मानू नका," तो म्हणाला. "पन तुमचं वय झालं. फ्रेंच सोडून तुम्हाला तीस वर्सं झाली. चुकून भलतंच लागलं आसंल."

"त्या दिवशी माझं फ्रेंच बरोबर होतं?"

"तवा तुम्ही ताजे शिकून आले व्हते ना."

डाव्या बाकांवरची माणसं माना हलवायला लागली. मी उजवीकडं पाहिलं. इथं तरी कुणी उठेल असं मला वाटलं होतं. इग्नासचा पुतण्या दिलीप उठला. मोठा हुशार पोरगा, माझाच विद्यार्थी.

"सर, ते पान शताब्दीच्या पुस्तकात घालू नका," तो हात जोडून म्हणाला. "त्या नोंदीवर माझा जातीचा दाखला निघालाय. पोरीचं अ‍ॅडमिशन त्याच दाखल्यावर आहे. आता कुणीच कोण नव्हतं म्हणालात, तर आम्ही कुणाच्या दारात जायचं?"

पंचवीस वर्षं ज्यांनी विहिरीवर दुपारची वाट बघितली त्यांना मी आता काय म्हणणार होतो? फादरांनी घाईनं प्रार्थना म्हणून टाकली. माणसं आपापल्या दारांनी बाहेर पडली, डावी डाव्या, उजवी उजव्या. टिपणाचं पान शताब्दीच्या पुस्तकात आलं नाही.

चर्च रिकामं झालं. मार्था मात्र तिसऱ्या बाकावर बसून होती. मी जाऊन शेजारी बसलो. सव्वीस वर्षांत आम्ही दोघंच असे कुठं बसलो नव्हतो.

"कुणी ऐकलं नाही," मी म्हणालो.

"हं."

मग तिनं विचारलं, अगदी साध्या आवाजात, "हे पान तेव्हाही पुस्तकात होतं ना?"

"होतं."

"आणि त्या शनिवारी पुस्तक सकाळपासून तुझ्याजवळ होतं."

"होतं."

"दिवसभर तू तिथं बसला होतास. मी डबा घेऊन आले तेव्हा दुपार झाली होती. त्रेचाळीस ओळींचं तर पुस्तक. मग हे पान कसं राहिलं रे?"

सांगायला कारणं होती. कोरी पानं बरीच होती, अक्षर बारीक होतं, मला नोंदीच तेवढ्या बघायला सांगितल्या होत्या. गावाला मी कुठलंही कारण सांगितलं असतं तरी चाललं असतं. पण विचारत होती मार्था.

"सोळा नंबरवर पाटील सापडला," मी म्हणालो. "त्यानंतर पान उलटायची मला गरजच वाटली नाही. दिवसभर मी तेवढी एकच ओळ वाचत बसलो होतो."